इबोलाचा पेशंट बरळतो तेव्हा विषाणू मेंदूत असतो का?

निशाचर_रेसिडेंट: मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शुक्रवारी रक्तस्रावी तापांवर सेमिनार. पुस्तकांत रक्तस्राव, शॉक, किडनी यांवर पानंच्या पानं आणि मेंदूवर जेमतेम दोन ओळी. इबोलाचा पेशंट बरळायला लागला तर एन्सेफलायटिस (मेंदूचा दाह) म्हणायचं, की बीपी पडल्याचा परिणाम?

साधा_फिजिशियन: आधी शुगर बघ. मग सोडियम, मलेरिया. एन्सेफलायटिस हा शब्द त्यानंतर.

जुना_स्टेथो: शुगरचं खरंच, पण तिथेच थांबू नकोस. २०१५च्या सुरुवातीला मी सिएरा लिओनमध्ये इबोला वॉर्डात होते. रक्त वाहणारे पेशंट वाटलं होतं त्यापेक्षा कमीच पाहिले. डोक्यात राहिली ती उचकी. आणि तो हरवलेला चेहरा: हाक मारली की बघायचे, पण नजरेत ओळख नाही. काही जण सलाइन उपटून चालायला लागायचे. गॉगल घामाने धुरकटलेला, हातात दोन-दोन ग्लोव्हज. झटापट करणाऱ्या माणसाच्या पाठीत सुई कोण घालणार? आमच्याकडे एलपी (पाठीतून सुईने मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी काढणं) एकही झाली नाही. तुझ्या त्या दोन ओळींचं निम्मं कारण हेच.

भक्कम पुरावा आला तो बऱ्या झालेल्या पेशंटकडून. स्कॉटलंडची एक परिचारिका डिसेंबर २०१४मध्ये आजारी पडली, बरी होऊन घरी गेली आणि ऑक्टोबर २०१५मध्ये मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) घेऊन परत आली. पीसीआरची (विषाणू शोधायच्या चाचणीची) सीटी व्हॅल्यू रक्तात ३१च्या आसपास, सीएसएफमध्ये (मेंदू-मणक्याभोवतीच्या त्या पाण्यात) २४च्या. आकडा लहान तितका विषाणू जास्त, म्हणजे तो रक्तातून नुसता झिरपलेला नव्हता, मुक्कामालाच होता. अर्थात एका केसवरून वॉर्डातल्या प्रत्येक बरळण्याला तेच कारण चिकटवू नकोस.

निशाचर_रेसिडेंट: थँक यू मॅडम! मग नंतरच्या त्रासांच्या स्लाइडवर डोकेदुखी सगळ्यात वर घेऊ?

जुना_स्टेथो: नको रे. लायबेरियातल्या अभ्यासात (२०१९) डोकेदुखी बऱ्या झालेल्यांत ४७.६ टक्के, पण त्यांच्या संपर्कातल्या, अँटिबॉडी निगेटिव्ह (म्हणजे इबोला झाल्याची खूण रक्तात नसलेल्या) लोकांतही ३५.६. विसरभोळेपणा बघ: २९.२ विरुद्ध ४.८. तो वर घे. डोळेही घाल, तिथेही हा विषाणू दडतो.

साधा_फिजिशियन: आणि शुगर पहिल्या स्लाइडवर.