मदत हवी आहे: डब्यांची वुड गॅस शेगडी, भांडं ठेवलं की धूर

ट्रेकला न्यायला दोन पत्र्याच्या डब्यांची वुड गॅस शेगडी (लाकडातून निघणारा धूरच गॅससारखा जळतो ती) बनवलीये. बाहेर १ लिटरचा रंगाचा डबा (आधी होळीत जाळून रंग काढलाय, गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला, नाहीये), आत दूध पावडरचा, दोघांत साधारण १२ मिमी फट. आतल्या डब्याच्या बुडाला ६ मिमीची २० भोकं, वर काठाखाली तेवढ्याच मापाची १६ आणि बाहेरच्याला खाली १२ मिमीची १० भोकं आहेत.

वरून पेटवतो, बाभळीच्या वाळलेल्या काटक्या बोटाएवढ्या तोडून भरतो, वरच्या भोकांच्या खालीच थांबतो. पहिली पाच-सात मिनिटं झकास चालते, वरच्या भोकांतून गॅसच्या बर्नरसारख्या ज्वाळा आत वळताना दिसतात पण पातेलं ठेवलं की त्या विझतात आणि पांढरा धूर सुरू, डोळे चुरचुरतात, पातेलं काळं ते वेगळंच. मग फुंकर मारली की भप्पकन पुन्हा पेटते.

भांड्याखाली तीन बोल्ट लावून २ सेंमी जागा सोडून पाहिली, थोडा फरक पडला. लाकूड ओलं नाहीये, आठवडाभर गच्चीवर उन्हात होतं. वाऱ्याला आडोसाही केलेला.

पंखा-बॅटरी लावायची नाहीये, वजन ४०० ग्रॅमच्या आत हवं, घरात हँड ड्रिल आहे, वेल्डिंग नाही.

आता भोकं पाडली की परत नीट बुजवणं अवघड म्हणून विचारतोय, ज्यांनी बनवलीये त्यांनी सांगा, आतल्या डब्याच्या बुडाची थोडी बंद करून वरची वाढवू, की भांड्याखालची जागा ४ सेंमी करू, आधी काय करून बघू?