बँक १९३५ची, मग तिची पहिली नोट १९३८ची कशी?

प्रश्न :
आजोबांच्या ट्रंकेत पाच रुपयांची एक जुनी नोट सापडली. घडीवरचा मजकूर पुसट झाला आहे, साल कोठेच नाही. राजाचे चित्र आणि जे. बी. टेलर यांची सही मात्र स्पष्ट आहे. ही रिझर्व्ह बँकेची पहिली, १९३८ची नोट असल्याचे एका मित्राचे म्हणणे आहे. बँक तर १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली आणि तिचे पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ होते. मग मधली तीन वर्षे कोणत्या नोटा चालत होत्या?

प्रतिसाद १ :
भारत सरकारच्याच. १९३४च्या कायद्याने नोटा काढण्याचा एकाधिकार बँकेला दिला, परंतु स्वतःच्या नोटा तयार होईपर्यंत सरकारी नोटा चालवण्याची मुभाही दिली. नव्या नोटांचे रूप व आकार साधारण जुन्यासारखेच ठेवायचे होते. घोळ झाला तो राजाचा. आठव्या एडवर्डचे चित्र असलेल्या नोटा १९३७च्या उन्हाळ्यात यायच्या होत्या, पण डिसेंबर १९३६मध्ये त्याने गादी सोडल्यामुळे सहाव्या जॉर्जच्या चित्राची पाचाची नोट जानेवारी १९३८मध्ये निघाली. फेब्रुवारीत दहाची, मार्चमध्ये शंभराची आणि जूनमध्ये हजाराची व दहा हजारांची आली. तोवर स्मिथ पायउतार झाले होते, म्हणून सही दुसरे गव्हर्नर टेलर यांची.

प्रतिसाद २ :
केवळ सहीवर विसंबू नये. सरकारी सेवेत असताना टेलर यांनी पाचव्या जॉर्जच्या नोटांवरही सही केलेली आहे. राजाचा चेहरा पाहा : दाढी असेल तर पाचवा जॉर्ज, म्हणजे सरकारी नोट, दाढी नसेल तर सहावा. कडेला बारीक छिद्रे असल्यास ती गड्डी टाचल्याची असतात, त्यांची चिंता नको. कृपा करून लॅमिनेशन मात्र करू नका.

प्रतिसाद ३ :
१९४३पासून महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख गव्हर्नर झाले आणि नोटांवर प्रथमच भारतीय गव्हर्नरची सही आली. ट्रंकेत १९४०ची एक रुपयाची नोट निघाली, तर तिच्यावर गव्हर्नरची सही शोधू नका. युद्धकाळात काढलेली ती नोट सरकारची होती आणि तिला नाण्याचा दर्जा होता.

प्रश्नकर्ता :
भिंगातून पाहिले. दाढी नाही, आणि डावीकडच्या दोन छिद्रांभोवती टाचणीचा गंज आहे. नोट आता वहीच्या पानांत ठेवली आहे.