मुलगी जपानात इंग्रजी शिकवते, आम्ही तिघं राहायला जाणार: कधी जावं, काय न्यावं?

देवगडची_बाग
मुलगी या ऑगस्टपासून जपानात सरकारी शाळांमध्ये इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. गाव लहान आणि फ्लॅट एका खोलीचा. मी, आमचे हे आणि सासूबाई (वय 72) दोन आठवडे जायचं म्हणतोय. आंब्याची बाग असल्यामुळे मार्च ते मे हलता येत नाही. ती म्हणते, "केव्हाही या." पण नवीन नोकरी आहे, तिची ओढाताण नको. कधी जावं, कागद कुठले लागतील आणि घरचं काय नेता येईल?

कातळसडा
लेक "केव्हाही या" म्हणणारच. पण तिकीट काढण्याआधी तिला दोन गोष्टी विचारा: वार्षिक रजा किती शिल्लक आहे, आणि ती थेट शिक्षण मंडळाची नोकर आहे की कंपनीमार्फत लागली आहे. मंडळाच्या शिक्षकांना मुलांच्या सुटीतही बरेचदा शाळेत हजर राहावं लागतं. कंपनीवाल्यांना ऑगस्टमध्ये सुटी मिळते, पण पुष्कळदा त्या महिन्याचा पगारही कापला जातो. म्हणजे तिच्या हातात वेळ असतो तेव्हा पैसे नसतात.

तुम्हाला नोव्हेंबरच बरा. भातकापणी आणि दिवाळी बहुतेक उरकलेली असते, मोहोराच्या फवारण्यांची धावपळ पुढे असते. तिकडे हवा कोरडी, थंडी सोसवेल इतकी. 3 आणि 23 नोव्हेंबरला सरकारी सुटी असते. जून ते जुलैचा मध्य तिकडेही पावसाळाच, ऑगस्टच्या मध्यात ओबोनची (पितरांच्या सणाची) गर्दी, आणि एप्रिलअखेरच्या गोल्डन वीकमध्ये, म्हणजे लागोपाठच्या सुट्यांत, गाड्यांत जागा मिळत नाही. शनिवारी पोचाल असं बघा, म्हणजे पहिले दोन दिवस तिला रजा न टाकता तुमच्याबरोबर राहता येईल.

आता व्हिसा. खर्च तिच्या नावावर दाखवायचा तर तिला हमीपत्रासोबत तिथल्या नगरपालिकेचा कराचा दाखला द्यावा लागतो. तो आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर, साधारण जूनमध्ये निघतो. ऑगस्टमध्ये रुजू झालेल्या माणसाकडे पुढच्या जूनपर्यंत तो नसतोच, आणि पहिल्या वर्षी घोळ होतो तो इथे. म्हणून खर्च तुमचाच दाखवा. तिच्याकडून निमंत्रणपत्र, नोकरीचा दाखला, रहिवास कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत आणि रहिवासाचा दाखला (जुमिन्ह्यो) मागवा.

तुमच्या बाजूला सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं लागतील. बागायतदारांची पंचाईत अशी की शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून पुष्कळांनी विवरणपत्र भरलेलंच नसतं. करमुक्त उत्पन्न दाखवूनही ते भरता येतं, यंदाचं तरी भरून ठेवा. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर जोडा, आणि खात्यात आंब्याचे पैसे एकदम मे-जूनमध्ये का येतात ते अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत लिहा. नातं दाखवायला लागणाऱ्या मुलीच्या जन्मदाखल्यावर आणि तुमच्या पासपोर्टवर तुमचं नाव सारखं आहे का तेही तपासा. आपल्याकडे माहेर-सासरच्या नावांचा घोटाळा फार. अर्ज मुंबईत, निघण्याच्या पाच-सहा आठवडे आधी. मिळालेला व्हिसा तीन महिन्यांत वापरावा लागतो, त्यामुळे फार आधीही नको.

चिपळूणची_सून
खाऊचं सांगते. ताजी फळं, ताजा कढीपत्ता, ओला नारळ काहीही घेऊ नका. तिकडचे नियम कडक आहेत, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय काढून घेतात. आपला हापूससुद्धा फळमाशीच्या भीतीने वाफेची प्रक्रिया केल्याशिवाय घेत नाहीत. कच्चं धान्य, अख्खी कडधान्यं, बियाणं घरीच राहू द्या. मटण-चिकनचं काहीही, अगदी डबाबंदसुद्धा, नको.

आंबापोळी चालते. डबाबंद आमरस, मीठ घातलेलं कोकम आगळ, लोणचं हेही चालतं. मालवणी मसाला घरी कुटलेला पिशवीत बांधून नेऊ नका, दुकानातला सीलबंद पुडा घ्या, त्यावर घटक छापलेले असतात. सुके बोंबील, सोडे नेता येतात, पण तीन पिशव्यांत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वास एकदा कपड्यांना लागला की दोन आठवडे जात नाही. कुळथाच्या पिठासारखं शंकेचं काही असेल तर जाहीर करून काउंटरवर दाखवा. लपवलेलं सापडलं की प्रकरण वाढतं.

सासूबाईंची औषधं चिठ्ठीसकट, एका महिन्यापुरतीच. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा स्यूडोएफेड्रिनची सर्दीची गोळी घेऊ नका. प्रवासविमा काढाच. मुलीचा आरोग्यविमा तुम्हाला लागू होत नाही.

पाटा_वरवंटा
मिक्सर नेऊ नका. तिकडे वीज 100 व्होल्टची, आपला 230 चा मिक्सर नुसता घुमतो, वाटण होत नाही. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही. तिच्याकडे गॅस आहे की इंडक्शन ते विचारा, इंडक्शन असेल तर त्यावर चालणाऱ्या बुडाचा स्टीलचा कुकर घ्या.

देवगडची_बाग
सगळ्यांचे आभार. झोपायचं कसं? सासूबाईंना जमिनीवरून उठता येत नाही. आणि तिची शाळा बघता येईल का?

दाभोळखाडी
चौघांना एक खोली पुरणार नाही. गाद्या भाड्याने मिळतात, पण सासूबाईंना त्यावरून उठवायचं कोणी? तुम्ही आणि त्या स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात पलंगावर झोपा, यजमान मुलीकडे राहू देत. जेवणं फ्लॅटवर करा. भाडेकरारात राहणाऱ्यांची संख्या लिहिलेली असते, तेव्हा दोन आठवड्यांच्या पाहुण्यांबद्दल तिने व्यवस्थापन कंपनीला आधीच कळवावं. भिंती पातळ असतात. पहाटे पाचला कुकरच्या शिट्ट्या नकोत, व्हिडिओ कॉलवर मोठ्याने बोलणंही नको.

कचऱ्याकडे नीट लक्ष द्या, कारण चूक झाली तर शेजाऱ्यांची नाराजी वर्षभर तिला सोसावी लागते. बहुतेक गावांत ठरलेल्या पिशव्या आणि ठरलेले वार असतात. आदल्या रात्री बाहेर ठेवायचा नाही. माशांची डोकी, काटे पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा आणि त्या दिवशी सकाळी काढा. तळणीचं तेल बेसिनमध्ये ओतू नका. ते घट्ट करायची पूड तिकडे दुकानात मिळते, मग ते जळाऊ कचऱ्यात टाकायचं.

शाळेसाठी तिने दोन आठवडे आधी उपमुख्याध्यापकांना विचारावं, नुसतं जाऊन उभं राहू नये. आत घालायच्या चपला पिशवीत न्या. शिक्षकखोलीसाठी एकेक वेगळा बांधलेला खाऊ, तिथल्या माणसांच्या संख्येपेक्षा थोडा जास्तच. भाजलेल्या काजूंच्या छोट्या पुड्या उत्तम, वर 'काजू' असं जपानीत लिहून घ्या. मुलांना मात्र काही देऊ नका, ॲलर्जीमुळे शाळा ते घेत नाही. मुलांचे फोटो काढू नका.

रेल्वेचा पर्यटक पास मुलीला मिळत नाही, तो तुम्हा तिघांनाच, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तो बराच महागला. एखाद-दुसराच लांबचा प्रवास असेल तर प्रत्येक प्रवासाची वेगळी तिकिटं स्वस्त पडतील.