पेठ तालुक्यातल्या पाड्यावर नळयोजना: मंडळाने सुरुवात कुठून करावी?

गंगापूररोडकर
नाशिकमधलं आमचं छोटं नोंदणीकृत मंडळ आहे. पाड्यावर ६० घरं, साधारण ३०० माणसं. विहीर खाली दरीत, उंचीतला फरक ८० मीटर. उन्हाळ्यात बायाबापड्यांची सकाळ हंडे वाहण्यातच जाते. वर्गणी जमली आहे. आधी टाकी बांधून टाकू, असं काहींचं म्हणणं आहे. जाणकारांनी सांगावं.

उपसा_जलसिंचन
टाकी सगळ्यात शेवटी. पेठ-सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो, पण खाली काळा पाषाण, पाणी मुरतच नाही. जानेवारीत भरलेली विहीर मे महिन्यात तळ दाखवते. म्हणून मे अखेरीस विहीर उपसा आणि पाणी किती वेळात किती चढतं ते मोजा. ५ मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर पाणी म्हणजे सुमारे १९,६०० लिटर. माणशी ५५ लिटरने तुम्हाला रोज १६,५०० लागतील. तेवढं चोवीस तासांत येत नसेल तर पंपाचा विचार सोडा, आधी गाळ काढा, विहीर खोल करा.

चार तासांत उपसायचं तर सेकंदाला सव्वा लिटरहून थोडं कमी पडतं. पाइपातलं घर्षण धरून ९० मीटर हेड (पंपाला पाणी चढवायची एकूण उंची), म्हणजे ३ एचपी. खरी चूक पाइपात होते. १० मीटरला चौरस सेंटिमीटरवर १ किलो दाब, म्हणजे पंपाशी ९ किलो. पैसे वाचवायला ६ किलो दाब सोसणारा पाइप टाकतात. वीज जाते, वरचं पाणी उलटं आपटतं आणि जोड उडतो. खालच्या टप्प्याला साडेबारा किलोचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा काळा पाइप) घ्या, शेवटच्या ३० मीटर उंचीला ६ किलोचा चालेल. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. पाइप तीन फूट गाडा, उघडा ठेवलात तर वणव्यात वितळलाच म्हणून समजा.

ग्रामसभावाला
मधे वनजमीन आहे का? असेल तर वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) बघा. पिण्याच्या पाण्याची सोय आणि जलवाहिनी त्यात बसते: जागा एक हेक्टरच्या आत, तोड हेक्टरी ७५ झाडांपर्यंत, आणि ग्रामसभेची शिफारस. चर खणायच्या आधी अर्ज करा. जेसीबी आधी गेला की काम अडकलंच.

गंगापूररोडकर
धन्यवाद. सोलर पंप घेतला तर बिलाची कटकटच नाही ना?

टीसीएल_वाली
बिल नाही, पण दादा, पाणीपट्टी तरी लावाच. मोटर जळली की रिवाइंडिंगला (नवी तार गुंडाळायला) पैसे लागतात, आणि तेव्हा मंडळाकडे बघत बसायची वेळ येते. बहुतेक योजना इथेच बंद पडतात. ओझरला समाज परिवर्तन केंद्राने वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. तिथे पट्टी वसूल करणारे शेतकरीच. पाड्यावर बायांची समिती करा, खातं दोघींच्या सहीचं.

टाकीला रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर): १६,५०० लिटरला १०० ग्रॅम, बादलीत कालवून वरची निवळी ओतायची, अर्ध्या तासाने नळ सोडायचा. पुडा उघडा राहिला की जोर जातो. शेवटच्या नळाच्या पाण्याला ओटी टेस्टमध्ये (पाण्यात क्लोरीन उरलाय का बघायची चाचणी) पिवळी झाक आलीच पाहिजे.