खाईन किती, देईन किती? गावात ३५० सीसीची मोटरसायकल ठेवणाऱ्यांनो, अनुभव सांगा

मी घाटंजी तालुक्यातला. नोकरी यवतमाळला, रोजचं जाणं-येणं ८० किलोमीटरच्या आसपास. ११ वर्षांपासून १०० सीसीची गाडी दामटतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला (त्याच्या वरच्यांना ४० लागला), तेव्हापासून मनात किडा वळवळतो आहे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "थे गाडी हाय का म्हैस? खाईन किती, देईन किती?"

खाण्याचा हिशोब मी केला. महिन्याचे २००० किलोमीटर. माझी जुनी ६५ चं अ‍ॅव्हरेज देते, मोठी ३५ देईल असं धरलं, तर महिन्याला २६ लिटर पेट्रोल जास्त. म्हणजे अडीच हजाराच्या वरच. ते सोसेल. शोरूमवाला जे सांगत नाही ते मला ऐकायचं आहे. जे रोज चालवतात त्यांनीच लिहा. रविवारी धाब्यावर जाऊन फोटो काढणाऱ्यांनी कृपया थांबा.

वणीजवळून, शिक्षक, पाच वर्षं

आमच्याकडे कोळशाचे ट्रक. पांढरा शर्ट घालून निघालो तर शाळेत पोचेपर्यंत कॉलर राखाडी होते, मग चेनचं काय होत असेल बघा. पहिली दोन वर्षं मी जुन्या गाडीसारखं जळकं ऑइल मारत होतो. त्यात धूळ बसते आणि पॉलिश पेपरसारखी दातं घासते. पहिला चेन-स्प्रॉकेट किट ११,००० किलोमीटरला गेला.

आता रविवारी सकाळी गाडी मेनस्टँडवर. चिंधीवर डिझेल घेऊन (रॉकेल आता मिळतं कुठे) चेन पुसायची, दातांमधला काळा लगदा जुन्या टूथब्रशने काढायचा. तारेचा ब्रश लावू नका, पेट्रोलही नको. या चेनच्या कड्यांत रबराच्या बारीक रिंगा असतात, त्या खराब झाल्या की आतलं ग्रीस संपलं. पुसून कोरडी झाली की ९० नंबरचं गिअर ऑइल, थेंब थेंब, आतल्या बाजूने, चाक हाताने मागे फिरवत. इंजिन सुरू ठेवून हे काम करणाऱ्या एकाचं बोट मी पाहिलं आहे, म्हणून हाताने म्हणतो. अर्ध्या तासाने वरचं ऑइल पुसून टाका. आत गेलं तेवढंच कामाचं.

चेन खालच्या बाजूने मध्यावर बोटाने वर-खाली करून बघायची. इंच-सव्वा इंच हलली पाहिजे. आमचे मिस्त्री 'आवाज येते' म्हणून ती ताणून बसवतात. घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट, बेअरिंग खाते. दुसरा किट २४,००० झाले तरी टिकून आहे.

धारणी तालुक्यातून, आरोग्यसेविका

गाडी नवऱ्याची, चालवते मी, कारण उपकेंद्राची फिरती माझी. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे. वजन १९५ किलो, सीटची उंची ८०५ मिलिमीटर, आणि मी पाच फूट दोन इंच. पाड्यावर गेलं की पोरं जमतात. एक म्हातारी दर वेळी विचारते, "बाई, गाडी तुले नेते का तू गाडीले?"

चालताना वजन कळतच नाही, उभी करताना कळतं. उताराकडे तोंड करून लावलेली गाडी मागे ओढता येत नाही. मी नेहमी चढाकडे तोंड करून, गिअरमध्ये टाकून लावते. एकदा गिट्टीवर पाय घसरला आणि ती हळूच आडवी झाली. लाज जास्त वाटली, लागलं कमी. उचलायची रीत नंतर शिकले. आधी किल्ली बंद करायची. गाडीकडे पाठ करून सीटला बुड टेकवायचं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागचा कॅरिअर, आणि पाठीने नाही, मांड्यांच्या जोरावर मागे-मागे पावलं टाकत उठायचं. उजवीकडे पडली असेल तर साइडस्टँड आधीच बाहेर काढून लावून ठेवा, नाहीतर उभी झालेली गाडी पलीकडे जाऊन पडते. माझी तशी पडली होती.

दारव्हा, शेतकरी

युरियाची ४५ किलोची गोणी बसत नाही. एवढंच. जुनी इकू नका.

आर्वीकडून, बँकेत

काटा! कोणी लिहिलंच नाही अजून. आमच्या रस्त्यावर कुंपणासाठी बाभळीच्या काट्या बंडीवर भरून नेतात, आणि बंडीमागे अर्ध्या काट्या डांबरावर पडत जातात. माझ्या गाडीला तारांची चाकं, आत ट्यूब. दिसायला राजा. मागचं चाक पंक्चर झालं तर ते काढायला मोठा पाना लागतो, आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडे तो नव्हता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, म्हणाला, "भाऊ, सायकलचं असतं तर आताच करून देलं असतं." सात किलोमीटर छोट्या हत्तीत गाडी टाकून नेली.

आता पाना सीटखाली, सुटी ट्यूब पिशवीत. घेणार असाल तर अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर घ्या. काटा घुसला तरी हवा हळूहळू जाते, घर गाठता येतं. आणि काटा दिसला म्हणून रस्त्यात उपटू नका, तोच बूच असतो.

वाशीम जिल्हा, कृषी केंद्र चालवतो

भाऊ, उंदीर. सोयाबीनचे पोते ज्या खोलीत, तिथंच गाडी लावत होतो. दिवाळीत चार दिवस सासुरवाडीला गेलो, येऊन किल्ली फिरवली तं मीटर आंधळं. टाकीखालचं वायरिंग कुरतडून पार भुसा केला होता. जुन्या गाडीले किक होती, ढकलूनही चालू व्हायची. हिले किक नाही, आन् पेट्रोल पंपही करंटवर चालते. बॅटरी मेली म्हणजे गाडी मेली. सर्व्हिस सेंटर ६० किलोमीटर दूर, टेम्पोचं भाडं वेगळं. तिथं आठ दिवस ठेवली, आणली तं हॉर्न दाबला का इंडिकेटर लागे. पुन्हा नेली. शेवटी गावच्याच ट्रॅक्टरच्या इलेक्ट्रिशियननं दीडशे रुपयांत लावून देलं.

गाडी उघड्यावर ओली झाली तं पुसता येते. धान्याच्या खोलीत नका ठेवू.

ब्रह्मपुरी, महावितरणात

उन्हाळ्याचं मी लिहितो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि हे इंजिन हवेवर थंड होणारं. फाटकावर थांबलो की मांड्या शेकतात, तिथे गाडी बंदच करा. चाकात हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासा. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा फुगलेला असतो, तो पाहून हवा काढली की दुसऱ्या दिवशी कमी पडते. दुपट्टा ओला करून हेल्मेटखाली, खिशात कांदा. कांद्यावर हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

रात्री मात्र ५० च्या वर नको. रोही (नीलगाय) एकटा रस्ता ओलांडत नाही. पहिला गेला की आपण ब्रेक सोडतो आणि दुसरा समोर येतो. एबीएसमुळे चाक अडकलं नाही म्हणून मी वाचलो, पण १९५ किलोची गाडी थांबायला जी जागा लागते ती लागतेच.

पुन्हा मी, घाटंजी

दारव्ह्याचे भाऊ, जुनी विकत नाही. बाकीचं वाचून रविवारी टेप घेऊन घर मोजलं. तुरीच्या खोलीत ठेवायची नाही, म्हणजे उरली ओसरी. एका ओळखीच्याची गाडी आणून घालून पाहिली. हँडल दारातून कसंबसं आत जातं, आरसे जात नाहीत. बाबा बाजूला बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "म्हैस तं दारातून जात होती."

आरसे दुमडणारे मिळतात का, कोणी लावले असतील तर लिहा.