अनुभव धागा : आजारपण, पैसा आणि गावातल्या बायकांचं जाळं

घरात एक मोठं आजारपण आलं की वर्षानुवर्षं कर्ज फिटत नाही. अशा वेळी बचत गट, आशाताई, महिला मंडळ कामी आलं का? नसेल आलं तर तेही लिहा.

आजोळ_जामखेड : डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये इकडे आले. गावानेच निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिकवलं. त्यात दलित बायका होत्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्याही होत्या. आजी सांगायची, "जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिलाच बाळंतपणाला बोलवायला लागले." औषधगोळ्यांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

लातूरकरीण : जावेचं ऑपरेशन निघालं. सावकार शेकडा पाच म्हणाला, गटात शेकडा दोन. सचिवबाईंनी रजिस्टर उघडलंच नाही, आधी विचारलं, "महात्मा फुले योजनेत (सरकारी खर्चाने उपचार) बसतंय का?" बसत होतं, पण रेशनकार्डावर जावेचं नावच नव्हतं! लग्नाला अकरा वर्षं झालेली. गटातली एक जण तिला घेऊन तहसीलला दोन दिवस बसली, नाव चढवूनच उठली. कर्ज घेतलं ते फक्त जाण्यायेण्यापुरतं आणि जेवणखाणापुरतं. योजना कागदावर असतेच हो, तिथवर हात धरून नेणारं कुणी लागतं.

आशा_मराठवाडा : मी स्वतः आशा आहे. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा वेळा घरी जायचं. बाळ झोळीत घालून काट्याला लटकवलं की सासूबाई ओरडतात, "दृष्ट लागंल!" आता मी आधी त्यांच्याच हातात काटा देते. मोबदला मात्र रखडतच मिळतो. गरिबी हटवणाऱ्या साखळीत आम्हीही गरीबच, हे कुणीतरी लिहा.

बीडचा_भाचा : गोडगोड चाललंय म्हणून लिहितो. आमच्याकडे सगळ्यात गरजू बाईच गटाबाहेर असते. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला कारखान्याकडे गेली की पाच-सहा महिने बैठक नाही, हप्ता नाही. मग नाव कमी. फडावर आजारी पडली तर मुकादमाकडून आणखी उचल, म्हणजे मजुरीतून फेडायचे आगाऊ पैसे.

लातूरकरीण : @बीडचा_भाचा, खरंय. आमच्या गटाने त्यांच्यापुरता नियम बदलला. निघण्याआधी उचलीतून जमेल तेवढं भरायचं, उरलेलं परतल्यावर, दंड नाही. दोघी तिघींनी कुरकुर केली. ठराव झाला तो झालाच.