कोर्ट मार्शलचा निकाल ‘कायम’ होतो की ‘मंजूर’?

नौपाडेकरीण: एका वकिलांसाठी कोर्ट मार्शलच्या कागदांचा अनुवाद करतेय. ‘फाइंडिंग अँड सेन्टेन्स कन्फर्म्ड’ला मी ‘निकाल व शिक्षा कायम’ लिहिलं. त्यांनी लाल पेनाने काट मारली. म्हणे, कायम होते ती अपिलात. इथे अपील झालंय कुठे? आर्मी अ‍ॅक्ट १९५०, कलम १५३ प्रमाणे कन्फर्म होईपर्यंत निकाल ग्राह्यच नाही. मग काय लिहू? ‘पुष्टी’ म्हटलं की मला च्यवनप्राश आठवतो.

वाशीकर: शिक्कामोर्तब! विषय संपला.

माजी सुभेदार, खारघर: ताई, पलटणीत सगळे ‘कन्फर्म’च म्हणतात. पण शिक्कामोर्तब नको. जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी बसतात, त्यांचा निकाल वर जातो. वरचा साहेब नुसता शिक्का मारत नाही. एकदा फेरविचाराला परत धाडू शकतो, शिक्षा कमी करू शकतो. आणि निर्दोष ठरवलं तरी तेही कन्फर्म व्हावं लागतं, म्हणजे ‘शिक्षा कायम’ तिथेच बाद. समरी, म्हणजे झटपट चालणाऱ्या, कोर्ट मार्शलला सहसा ही कन्फर्मची भानगड नाही. सीओ, म्हणजे पलटणीचा कमांडिंग ऑफिसर, एकटाच कोर्ट. शेजारी दोघं हजर असतात, पण त्यांना मत नाही. मी बसलोय तसा. अडीच तास पाठ ताठ, तोंड बंद.

ऐरोलीचा आगाऊ: मग ‘मंजूर’ घ्या. मूळ अरबी, ‘नजर’च्याच धातूतला. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेलं. साहेब कागद वाचून ठरवतो ना? चपखल.

शुद्धमती: अरबी कशाला? शिवरायांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच? ‘दृढीकरण’ लिहा.

ऐरोलीचा आगाऊ: दृढीकरण पुलाच्या खांबांचं करतात हो. आणि महाराजांच्या मोर्तबावर, म्हणजे पत्राच्या शेवटी मारायच्या शिक्क्यावर, ‘मर्यादेयं विराजते’ असं संस्कृत होतं, तरी त्या शिक्क्याला म्हणत मोर्तबच, आणि तो शब्द मूळ अरबी.

वाशीकर: म्हणजे माझाच शब्द शिवकालीन निघाला!

कळव्याची माई: आमच्या चाळीत एकाला ‘कोर्ट मार्शल झालं’ अशी बातमी आली. झालं! लोकांनी नोकरी गेली असं धरलं, ठरलेलं लग्न मोडलं. पुढे कळलं, तो निर्दोष सुटला होता.

माजी सुभेदार, खारघर: माई, हेच सांगून घसा बसला माझा. कोर्ट मार्शल हा खटला, शिक्षा नव्हे. ‘त्याला झालं’ नाही, ‘त्याचं झालं’ म्हणा.

शुद्धमती: ‘झालं’ का? खटला पुल्लिंगी, तर ‘झाला’ हवं.

वाशीकर: कोर्ट नपुंसकलिंगी, म्हणून झालं.

शुद्धमती: मुळात ‘सैनिकी न्यायालय’ म्हटलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

कळव्याची माई: न्यायालय ‘झालं’ म्हणणार का मग तुम्ही?

नौपाडेकरीण: मंडळी, उद्या सकाळी अकराला कागद द्यायचेत. तूर्त ‘मंजूर’ लिहून ठेवलंय, पेन्सिलीने.

शुद्धमती: पेन्सिलीने नव्हे, शिसपेन्सिलीने.